ब्रूस ली आधी नट होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रूस लीवर अख्खं पान पाहिलं आणि चहा बाजूला ठेवून आधी तेच वाचायला घेतलं. वाचून होईस्तोवर चहावर साय धरली आणि माझं डोकं तापलं. निम्म्याहून जास्त मजकूर त्याच्या मृत्यूच्या ‘गूढा’वर. विष, शाप, गुप्त टोळ्या, काही म्हणजे काही सोडलेलं नाही. खरं तर गोष्ट चार ओळींची आहे. १० मे १९७३ ला डबिंगच्या खोलीत तो कोसळला, मेंदूला सूज आली होती, त्यातून वाचला. २० जुलैला डोकं दुखतं म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन आडवा झाला तो उठलाच नाही. मेंदूला पुन्हा सूज. वय ३२. सूज कशाने आली यावर डॉक्टर अजून वाद घालतात, घालू देत बापडे.

माझी तक्रार वेगळी आहे. लेखात तो ‘हाणामारी करता करता पडद्यावर आलेला लढवय्या’ झालाय. हे साफ उलटं आहे. तो नटाच्या पोटी आला होता. वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज ऑपेरातले नामांकित नट. गाणं, अभिनय, रंगवलेले चेहरे आणि कसरती असं सगळं एकत्र असलेलं ते रंगमंचीय नाट्य. वडिलांची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना २७ नोव्हेंबर १९४० ला सॅन फ्रान्सिस्कोत हा जन्मला, वाढला मात्र हाँगकाँगमध्ये. आधीचा मुलगा तान्हेपणीच गेलेला, म्हणून याला दृष्ट लागू नये यासाठी घरात मुलीचं नाव ठेवलं आणि कानही टोचला. आपल्याकडच्या दगडू-धोंडू म्हणून वाढलेल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. अंगावर पितं पोर असतानाच त्याने एका चित्रपटात तोंड दाखवलं. १९५० मध्ये ‘द किड’मध्ये दहाएक वर्षांचा हा पोरगा चक्क प्रमुख भूमिकेत होता. अमेरिकेला जाण्याआधी वीसेक चित्रपट त्याच्या नावावर होते. इप मान या गुरूंकडे विंग चुन ही चिनी युद्धकला शिकायला लागला तो मधल्या काळात, किशोरवयात. म्हणजे कॅमेऱ्याशी ओळख आधीची, गुरूशी नंतरची.

आणि नाच! त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. १९५८ मध्ये तो हाँगकाँगचा चा-चा नृत्याचा विजेता होता. पाकिटात एक कार्ड ठेवायचा, त्यावर १०८ पदन्यासांची यादी. आता त्याच्या मारामारीतली पावलं पुन्हा बघा. मी नव्याने बघितली तेव्हा मला ताल मोजायची सवयच लागली.

मी स्वतः तीस वर्षं हौशी रंगभूमीवर, राज्य नाट्य स्पर्धेत लुडबुड केलेला माणूस आहे. एका नाटकात मला दुसऱ्या अंकात थप्पड खायची असे. तालमीत ठरलेलं, त्याचा हात माझ्या गालाच्या वीतभर अलीकडून जाणार, मी मान फिरवणार आणि विंगेतला पोऱ्या टाळी वाजवणार. एका प्रयोगात समोरच्याचा अंदाज चुकला आणि खरीच बसली. कानात शिट्टी वाजली. नंतर ओळखीचे प्रेक्षक म्हणाले, ‘बाकी छान, पण ती थप्पड खोटी वाटली हो.’ तेव्हापासून पडद्यावर कोण किती जोरात मारतो हे मी बघत नाही. मारण्याआधी आणि मारल्यानंतर तो काय करतो ते बघतो.

‘द बिग बॉस’मध्ये (१९७१) आईला दिलेल्या वचनापायी नायक बराच वेळ हातच उचलत नाही. गळ्यात जेडचा ताईत, भोवती भांडण पेटलेलं, आणि हा नुसता उभा. प्रेक्षक खुर्चीच्या कडेला येतो तो त्या थांबण्यामुळे. किंवा ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२), जो त्याने स्वतःच लिहिला आणि दिग्दर्शित केला, त्यातली रोमच्या कोलोसियममधली अमेरिकन कराटेपटू चक नॉरिसशी झुंज घ्या. आधी दोघं अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. बाजूला मांजराचं पिल्लू बसलंय. मध्येच हा नॉरिसच्या छातीवरचे केस मुठीत उपटतो आणि फुंकर मारून उडवतो, थिएटर हसतं. शेवटी नॉरिस मरून पडतो तेव्हा हा त्याचा कराटेचा सदरा आणि पट्टा आणतो, गुडघ्यावर बसतो आणि प्रेताच्या अंगावर घालतो. तोंडातून शब्द नाही. हे कुठल्या कराटे क्लासात शिकवतात?

हॉलिवूडने मात्र त्याला फार काळ दारातच उभं केलं. ‘द ग्रीन हॉर्नेट’ या मालिकेत (१९६६-६७) तो नायकाचा ड्रायव्हर काटो होता, चेहऱ्यावर मुखवटा. हाँगकाँगमध्ये लोक त्याच मालिकेला काटोची मालिका म्हणायचे. १९७० मध्ये खांद्यावर वजन घेऊन वाकण्याचा व्यायाम करताना पाठ दुखावली आणि तो सहाएक महिने अंथरुणाला खिळला. पुन्हा लाथ मारणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पडल्या पडल्या त्याने वह्या भरल्या. आज त्याच्या नावावर मोबाइलच्या स्टेटसला फिरणारी अर्धी वाक्यं त्याची नाहीत, पण वह्या खऱ्या आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना नक्की आवडली असती. १९७१ च्या सुरुवातीला हा माणूस हॉलिवूडचा नट जेम्स कोबर्न आणि लेखक स्टर्लिंग सिलिफंट यांच्याबरोबर चक्क भारतात फिरत होता. वॉर्नर या अमेरिकन चित्रपट कंपनीचे इथे कमावलेले रुपये देशाबाहेर नेता येत नव्हते, म्हणून एक चित्रपट इथेच करायचा बेत होता. कोबर्नला जागा पसंत पडल्या नाहीत, बेत बारगळला. त्याच वर्षी हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्ट या चित्रपट कंपनीशी दोन चित्रपटांचा करार झाला, १५,००० डॉलरला, आणि तो थायलंडला चित्रीकरणाला गेला. तिथून पुढे त्याला मिळाली जेमतेम दोन वर्षं. ‘एंटर द ड्रॅगन’ अमेरिकेत लागला तेव्हा तो जाऊन महिना झाला होता.

जाता जाता एक दुरुस्ती. पानावरचा मोठा फोटो, पिवळा पोशाख आणि बाजूला काळी पट्टी, ‘एंटर द ड्रॅगन’मधला नाही. तो ‘गेम ऑफ डेथ’चा आहे, ज्यात त्याच्यासमोर त्याचाच शिष्य, सात फुटांहून उंच बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार उभा आहे. ते काम अर्धवट ठेवून तो ‘एंटर द ड्रॅगन’कडे वळला. १९७८ मध्ये दुसरीच माणसं उभी करून चित्रपट कसाबसा पुरा केला गेला. त्यात एका दृश्यात आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचा कागदी कटआउट चिकटवलाय आणि समोर भलताच माणूस बसलाय. नटाची इतकी विटंबना मी गावच्या जत्रेतल्या नाटकातही पाहिलेली नाही.

आपला,
एक जुना वाचक, सांगली