वेरूळच्या पाथरवटांचे श्रेय त्यांना मिळावे: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,
सविनय नमस्कार.

मी निवृत्त इतिहास शिक्षक आहे. वेरूळला मी शाळेच्या कितीतरी सहली नेल्या. माझ्या शेवटच्या सहलीत, कैलास लेण्याच्या चौकात उभे असताना आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, "सर, हे माणसांनी नाही ना केलं? मोबाइलवर दाखवत होते, दुसऱ्या ग्रहावरून आलेल्यांनी दगडाची वाफ करून हे कोरलं." तिच्या प्रश्नात खोडसाळपणा नव्हता. तिला जे सांगितले गेले होते, ते तिने खरे मानले होते, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

एखादी लुप्त झालेली अतिप्रगत संस्कृती किंवा परग्रहवासी यांनी कैलास घडवला, असे सांगणारे दोन गोष्टी ठासून सांगतात. पहिली म्हणजे या मंदिराची नोंद कुठेच सापडत नाही, आणि दुसरी म्हणजे अठरा वर्षांत एवढा दगड फोडणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

नोंद आहे. कैलासापासून चार पावलांवर, 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्यातील मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. त्याच्यानंतर गादीवर आलेला त्याचा चुलता कृष्णराज पहिला याने एलापुरात, म्हणजेच वेरूळला, शिवमंदिर उभारल्याचे इ.स. 812-13 च्या बडोदा ताम्रपटात म्हटले आहे. हे मंदिर पाहून आकाशमार्गाने जाणाऱ्या देवांनाही ते मानवनिर्मित वाटेना, आणि ज्याने ते घडवले तो शिल्पीसुद्धा 'हे माझ्या हातून झाले तरी कसे' म्हणून थक्क झाला, असे त्यात वर्णन आहे. आज ज्या आश्चर्यापोटी लोक परग्रहाकडे बोट दाखवतात, तेच आश्चर्य बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीलाही वाटले होते. पण त्याने शिल्प्याचा हात सोडला नाही. या ताम्रपटाचा कैलासाशी असलेला संबंध डॉ. रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच मांडला होता, हे आपल्या मुलांना का ठाऊक नसावे?

कैलास अचानक उगवलेलाही नाही. पट्टदकल येथे चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने उभारलेले विरूपाक्ष मंदिर त्याच्या काही वर्षे आधीचे आहे. प्रवेशद्वार, नंदीमंडप आणि मुख्य मंदिर एका रेषेत, ही मांडणी दोन्हीकडे सारखीच दिसते. चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांकडे आले तेव्हा तिकडची कारागिरीही इकडे आली, असे अनेक अभ्यासक मानतात.

आता दगडाचा हिशेब. अठरा वर्षांचा आकडा वरच्या दोन्ही लेखांत नाही, आणि काम किती टप्प्यांत झाले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही तो आकडा आणि दोन लाख टन दगड हा प्रचलित अंदाज क्षणभर खरा धरू. रोजचे सुमारे 30 टन होतात. अडीचशे माणसे कामावर असली तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला 120 किलो, म्हणजे आकाराने दोन-तीन बादल्यांएवढा दगड येतो. काम कष्टाचे आहे, अशक्य नाही. शिवाय मंदिर कळसाकडून पायाकडे कोरत आणल्यामुळे उंच परांच्या बांधण्याची गरज उरली नाही. पाथरवट स्वतः फोडलेल्या कातळावर उभा राहून खाली सरकत गेला.

त्या मुलीला मी चौकाच्या कडेच्या कातळभिंतीपाशी नेले. तिरप्या उन्हात तिथे टाकीचे घाव स्पष्ट दिसतात, एकाखाली एक, तिरके, सारख्या अंतरावर, आणि मध्येच एखादा घाव वाकडा गेलेला. तिने त्या खाचेत बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. मग विचारले, "सर, हा माणूस डावखुरा असेल का?" मला उत्तर देता आले नाही, पण तिने 'माणूस' म्हटले होते.

मंत्रिमहोदय, ज्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत, त्या पाथरवटांचे कामही आता त्यांच्याकडून काढून घेतले जात आहे, याचे मला फार वाईट वाटते. लेणी केंद्राच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत याची मला कल्पना आहे, तरी राज्याने पाठपुरावा करावा. बडोदा ताम्रपटातील त्या ओळी मराठी अर्थासह कैलासाच्या प्रवेशापाशी लावाव्यात, टाकीच्या घावांकडे लक्ष वेधणारा फलक भिंतीजवळ असावा, आणि वाटाड्यांच्या प्रशिक्षणात या पुराव्यांचा समावेश व्हावा. शाळांच्या सहली दिवाळीनंतर सुरू होतात. बाकीच्या गोष्टींना वेळ लागला तरी चालेल, पण ताम्रपटाचा फलक त्याआधी लागावा, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक