नातवाचा हिस्सा आणि शरियतचा हिशेब

महोदय,

समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की ती तलाक आणि चार बायका यांच्यापुढे सरकत नाही. सामान्य मुस्लिम कुटुंबाची शरियतशी खरी गाठ पडते ती घरातला माणूस गेल्यावर, वारस नोंद करताना. तिथे एक बाजू म्हणते, हा अल्लाचा कायदा, त्याला हात लावायचा नाही. दुसरी म्हणते, हा बदलूच शकत नाही, म्हणून मोडीत काढा. बदलू शकत नाही हे दोघांनीही धरूनच चालले आहे, आणि ते खरे नाही.

आधी हिशेब. मयताच्या मालमत्तेतून पहिल्यांदा दफनाचा खर्च, मग कर्जे (बायकोचा न दिलेला मेहर, म्हणजे लग्नात कबूल केलेली रक्कम, हेही कर्जच, पण ते सोयीस्करपणे विसरले जाते), मग वसियत, म्हणजे मृत्युपत्र, तीही उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत. त्यानंतर राहील ते वारसांचे. वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद इथे नाही. मुलाला जन्माने हक्क मिळत नाही. बाप जिवंत आहे तोवर सगळे बापाचे.

समजा, एक सुन्नी हनफी (हनफी हा सुन्नींमधला एक कायदेपंथ) खातेदार सहा एकर, म्हणजे २४० गुंठे जमीन ठेवून वारला. मागे आई, बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा, ३० गुंठे. आईला सहावा, ४० गुंठे. उरलेल्या १७० गुंठ्यांचे पाच भाग: मुलांना प्रत्येकी ६८, मुलीला ३४. गावात बहुतेकदा घोटाळा होतो तो आईचा. अर्जात बायको-मुलांची नावे येतात आणि म्हातारी राहून जाते. पुढे ती वारली की तिच्या ४० गुंठ्यांत तिच्या मुलींचाही वाटा असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही आणि दहा-वीस वर्षांनी दावा उभा राहतो. दुसरी चूक हिंदू वारसा कायद्याच्या सवयीने सगळ्यांना सारखा हिस्सा लावण्याची. तिसरी, बाप हयात असतानाच मुलीकडून हक्कसोड लिहून घेण्याची. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही, म्हणून असा कागद एरवी निरर्थक. मात्र मुलीने त्याबद्दल मोबदला घेतला असेल आणि तिच्या वागण्यावर इतरांनी भरवसा ठेवला असेल, तर तिला नंतर मागे फिरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली म्हटले आहे.

हे हिस्से कुराणातल्या सूरह निसाच्या ११, १२ आणि १७६ या आयतींतून येतात. पण आयती म्हणजे पूर्ण कायदा नव्हे. बायको, दोन मुली, आई आणि वडील असे वारस असतील तर चोविसांशांत मांडून बघा: ३, १६, ४, ४. बेरीज २७. चोवीस भागांच्या मालमत्तेत सत्तावीस भाग कुठून आणायचे? खलिफा उमर यांच्या काळात असा पेच पडला तेव्हा सल्लामसलत करून सगळ्यांचे हिस्से सारख्या प्रमाणात कमी करायचे ठरले. छेदच २७ धरायचा, मग बायकोचा आठवा हिस्सा नववा होतो. याला औल म्हणतात. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना ते पटले नाही आणि शिया पंथाने ते कधीच मान्य केले नाही. त्यांच्याकडे तूट मुलींच्या हिश्शातून जाते. वसियतीची एक तृतीयांशाची मर्यादाही कुराणात नाही, ती हदीसमधून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांतून आली. म्हणजे ग्रंथ, हदीस, इज्मा (विद्वानांचे एकमत), कियास (साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष) अशा थरांतून माणसांनी डोके लावून हे गणित बसवले आहे, आणि त्यात पहिल्यापासून मतभेद आहेत.

आता या गणिताची सगळ्यात दुखरी जागा. वरच्याच घरात तिसरा मुलगा होता, तो बापाच्या आधी गेला आणि त्याच्या मागे एक मुलगा आहे, असे धरा. आजोबा वारल्यावर या नातवाला मिळते शून्य. जवळचा पुरुष वारस दूरच्याला वगळतो, आणि चुलते हयात आहेत. पोरगा त्याच घरात वाढलेला असो, तीच जमीन कसत असो, फरक पडत नाही. कधी घरचे लोक मायेने त्याचे नाव अर्जात घालतात आणि ते सातबाऱ्यावर चढतेही. पण फेरफार ही महसुलाची नोंद, तिने मालकी मिळत नाही. एखाद्या चुलत्याने हरकत घेतली की नाव जाते.

यावर मुस्लिम देशांनी उपाय केले आहेत. इजिप्तने १९४६ साली सक्तीच्या वसियतीचा कायदा आणला. आजोबाने केली नसली तरी वसियत केली असे मानायचे आणि मृत मुलाचा वाटा, एक तृतीयांशाच्या आत, नातवंडांना द्यायचा. आधार घेतला सूरह बकराच्या १८० व्या आयतीचा. ती पुढे रद्द झाली असे बहुतेक फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, मानत, पण त्यांच्यातलेच इब्न हज्म मानत नव्हते. पाकिस्तानने १९६१ साली सरळ प्रतिनिधित्व दिले: मेलेल्या मुलाचा पूर्ण वाटा त्याच्या मुलांना. ऐकायला चांगले, पण शब्दशः लावले तर मुलगी आणि मृत मुलाची मुलगी एवढ्याच वारस असताना नातीला दोन तृतीयांश आणि सख्ख्या मुलीला एक तृतीयांश मिळतो. माझ्या मते इजिप्तची वाट अधिक शहाणपणाची. तिने बाकीच्यांचे आपसातले प्रमाण बिघडत नाही.

महाराष्ट्रात असा कायदा नाही, तेव्हा आजोबानेच हात हलवायला हवा. चुलता हयात असताना नातू वारस नसतो, म्हणून त्याच्या नावे एक तृतीयांशापर्यंत, आपल्या उदाहरणात कर्ज-खर्च नसेल तर ८० गुंठ्यांपर्यंत, केलेली वसियत कुणाच्याही संमतीशिवाय चालते. त्याहून जास्त द्यायचे तर आजोबाच्या मृत्यूनंतर वारसांची संमती लागते. मुस्लिम वसियत तोंडीही चालते, पण तसे करू नका. लिहा, दोन साक्षीदार घ्या, नोंदणी करा. एक मेख आहे. कोण वारस हे आजोबाच्या मृत्यूच्या दिवशी ठरते. तोवर सगळे चुलते वारले तर नातू स्वतःच वारस होतो, आणि मग हनफी कायद्यात ती वसियत इतरांच्या संमतीवर लटकते.

हिबा, म्हणजे हयातीतच दान, केला तर एक तृतीयांशाची अट नाही, पण देण्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा ही तिन्ही हवीत. अडते ते ताब्यावर: आजोबा कागद करतो आणि शेत स्वतःच कसत राहतो. बाप नसलेल्या अल्पवयीन नातवाचा आजोबाच पालक असेल तर प्रत्यक्ष ताबा देण्याची गरज राहत नाही, मनापासून दिल्याचे स्पष्ट दिसले की पुरे.

राहिला शेतजमिनीचा प्रश्न. १९३७ च्या शरियत कायद्यातून ती वगळली गेली, कारण १९३५ च्या भारत सरकार कायद्याने तो विषय प्रांतांकडे होता. त्यामुळे 'आमच्यात मुलींना जमीन देत नाहीत' ही रूढी पुढे करण्याची फट जमिनीपुरती उरली, जरी ती सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असला तरी. मद्रासने १९४९ साली आणि केरळने १९६३ साली दुरुस्ती करून ही फट बुजवली. वारसा हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीतला विषय असल्याने महाराष्ट्र विधानसभेलाही ते करता येईल. त्याच दुरुस्तीत पोरक्या नातवंडांसाठी इजिप्तसारखे एक कलम घालावे, आणि तोवर महसूल खात्याने वारस नोंदीच्या अर्जात मयताचा पंथ, आई-वडील हयात आहेत का आणि प्रत्येकाचा हिस्सा किती, हे तीन रकाने वाढवावेत.

आपला,
एक वाचक, सांगली