पालकांसाठी सूचना : कान दुखायचा थांबला, तरी ऐकू येतंय ना?

नमस्कार पालकहो,

सर्दीचे दिवस आहेत आणि आपल्या बालवाडीतल्या काही मुलांचे कान दुखताहेत, वाहताहेत. दुखणं थांबलं की आपण निर्धास्त होतो. पण कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकतं, कधी कधी ३ महिन्यांपर्यंत. तेव्हा ना ताप असतो ना ठणका. फक्त कमी ऐकू येतं, कानात बोटं घातल्यासारखं. बोलायला शिकण्याच्या वयात हे लांबलं, तर 'स', 'श', 'फ' असे हलके आवाज निसटतात, बोलणं मागे पडू शकतं. अशा मुलाला 'लक्षच देत नाही' म्हणून रागावू नका, ही कळकळीची विनंती.

हाकेला वळत नसेल, टीव्ही मोठा करत असेल, सारखं 'काय?' विचारत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ३ महिन्यांनंतरही पाणी राहिलं तर श्रवणचाचणी करून घ्याच. कानात तेल घालू नका, कोमटसुद्धा नको. तान्ह्याला आडवं ठेवून बाटली देऊ नका. घरात विडी-सिगारेट नकोच.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तपासणी मोफत असते. धाकटी भावंडं तिथे जात असतील तर त्या दिवशी त्यांना घरी ठेवू नका.