नळाला पाणी पाचव्या दिवशी, पोटातला वाराही पाचव्याच दिवशी

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आपण आमच्या दवाखान्याच्या वॉर्डात आलात. पेशंटला धरून चालायला भिंतीला कठडा आणि एक फिजिओथेरपिस्ट 'महिन्याभरात देतो' म्हणालात. फोटोत मागे मी आहे, भावाच्या खाटेशी. यंदा खाट माझी होती. कठडा नव्हता.

आतड्याला पीळ पडला, वीतभर तुकडा काढला. मग रोज सकाळी डॉक्टरांचा एकच प्रश्न : वारा सरला का? आतडं चालू झाल्याची ती खूण. नाही. पोटाचा नगारा, नाकात नळी, पिशवीत हिरवं पाणी. खोकला आला की टाके उसवतायत असं वाटायचं. शेवटी सोलापुरी चादरीची घडी पोटाशी दाबून खोकायला लागलो. तेही शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं शिकवलं. साहेब, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, माझं आतडंही त्याच वेळापत्रकावर गेलं.

चौथ्या रात्री पुण्यात नर्स असलेली भाची फोनवर ओरडली, "मामा, पडून काय राहिलात? उठा, चाला! आणि डॉक्टरांना विचारून च्युइंगम चघळा." चघळलं की मेंदूला जेवण आल्यासारखं वाटतं आणि झोपलेलं आतडं जागं होतं म्हणे. डॉक्टरांना विचारलं. "हो, चघळा की," म्हणाले, जणू उशीर मीच केला!

बायकोनं एका हातात सलाईन उंच धरलं, दुसऱ्यात मला. जमिनीवर झोपलेल्या पेशंटांचे पाय ओलांडत व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवशी वारा सरला. च्युइंगमनं की चालण्यानं, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

ऑपरेशननंतर लवकर उठवा, लवकर घोट-घास द्या, हे डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट १९९० च्या दशकापासून सांगतायत. इथे मराठी, कन्नड, तेलुगूत चार ओळींचा बोर्डसुद्धा नाही. चिल्लर किमतीच्या च्युइंगमचं टेंडर निघत नाही म्हणून का? मशीन असती तर फीत कापायला आला असतात.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के सरकारी खर्चाचं वचन होतं. २०२५ सरलं, ते वाटेतच अडकलंय म्हणतात. त्याचाही वारा सरायचाय वाटतं. पाच लाखांच्या मोफत उपचारांच्या कार्डावर फोटो मात्र ठळक!

कठडा तेवढा बसवा. भावाचं दुसरं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

आपला,
कडक भाकरी अन् शेंगाचटणी अजून बंद असलेला एक सोलापूरकर