दात दुखायच्या आधी जायला जवळचा डॉक्टर हवा, आणि सगळ्या घराचा एकच हवा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात बीपी, शुगर, हार्ट, गुडघेदुखी यावर सारखं काहीतरी येत असतं आणि आमच्याकडे ते वाचलंही जातं, पण दातांवर क्वचितच येतं आणि आलंच तर दात पांढरे कसे करायचे, स्माईल कशी छान दिसेल एवढंच. रोजच्या घरगुती गोष्टी, म्हणजे लहान मुलाला पहिल्यांदा कधी न्यायचं, म्हाताऱ्या माणसाची कवळी टोचायला लागली तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण जमलं तर छापा.

आमच्या घरात तीन पिढ्या आहेत आणि सगळ्यांचे दात एकाच क्लिनिकमध्ये बघितले जातात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. मोठं हॉस्पिटल वगैरे काही नाही, साधं क्लिनिक आहे, डॉक्टर मॅडम आणि त्यांची एक असिस्टंट. पण त्यांच्याकडे आमच्या प्रत्येकाची फाईल आहे, जुने एक्स-रे आहेत, कुणाला कसली अॅलर्जी, कुणाला कुठली गोळी चालू, सगळं लिहिलेलं आहे, आणि मला मनापासून वाटतं की मोठ्या मशीनपेक्षा या फाईलचा उपयोग आम्हाला जास्त झाला. कारण दातात काळा डाग दिसला की पहिला प्रश्न असतो तो हा की हा डाग आहे तिथेच आहे की वाढतोय, आणि ते सांगायला मागचं काहीतरी समोर लागतं ना. दरवेळी नव्या ठिकाणी गेलं की प्रत्येक डाग नवाच.

बहुतेक लोक दुखल्याशिवाय जातच नाहीत. आणि खरी अडचण अशी की दुखणं येतं तेच मुळात उशिरा. दाताच्या वरच्या पांढऱ्या थराला, इनॅमलला, नस नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत माणसाला काही कळत नाही, मग ती आतल्या थरात उतरते तेव्हा थंड-गोड झोंबायला लागतं आणि दाताच्या आतल्या नसेला पोचली की रात्रीची झोप जाते, पण तोवर साध्या सिमेंटने भागणार असतं ते रूट कॅनलवर गेलेलं असतं. इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग आहे पण त्यात जिवंत पेशी नसतात, एकदा खड्डा पडला की तो आपोआप भरून येत नाही. मात्र खड्डा पडायच्या आधी तिथे नुसता खडूसारखा पांढरा डाग दिसतो, आणि त्या टप्प्यावर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने तो थांबतो, बऱ्याचदा सुधारतोही. तो डाग आपल्याला घरच्या आरशात दिसत नाही, डॉक्टर दात वाळवून लाइटखाली बघतात तेव्हा दिसतो. न दुखता का जायचं याचं माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे आणि मी ते ओळखीतल्या सगळ्यांना सांगत असते.

मुलांचं जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. दुधाचे दात पडणारच आहेत, मग कशाला खर्च, हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय! अहो, पुढचे पडतात सहा-सातव्या वर्षी पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, एवढी वर्षं मुलाने काय दुखत्या दाढेने जेवायचं का? शिवाय ती दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही आणि पुढे तारा लावायची वेळ येते. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही त्रास होऊ शकतो.

आणि ती सहाव्या वर्षाची दाढ! माझ्या मुलीच्या वेळी मॅडमनी छोटा आरसा आत धरून मला दाखवली, सगळ्यात मागे, हिरडीतून अर्धवटच वर आलेली. तिच्या जागचा कुठलाही दुधाचा दात पडत नाही, ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, त्यामुळे घरच्यांना पत्ताच नसतो आणि पुष्कळांना ती दुधाचीच वाटते. आहे मात्र पक्की, आयुष्यभराची. तिच्यावर खोल बारीक चिरा असतात, ब्रशचा केस आत जात नाही, आणि कीड बहुतेक तिथेच सुरू होते. दाढ पूर्ण वर आल्यावर मॅडमनी त्या चिरा सीलंटने बंद केल्या. दात पुसून वाळवला, एक जेल लावून धुतला, परत वाळवला, वर पातळ मसाला सोडला आणि निळ्या लाइटने कडक केला. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, पोरगी आरामात पडून होती. हे इतकं सोपं काम आहे आणि कित्येक आईबापांना असं काही असतं हेच माहीत नाही.

मूल घाबरतं म्हणून नेत नाही असंही लोक म्हणतात. मूल घाबरतं कारण त्याला पहिल्यांदा नेलेलं असतं तेच गाल सुजल्यावर, किंवा घरी "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं म्हणून आपणच भीती घातलेली असते. पहिला दात आला की त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत, एकदा दाखवून आणायचं असतं. त्या वयात करायचं काहीच नसतं, आईच्या मांडीवर बसून दात बघतात आणि आईला चार गोष्टी सांगतात. माझ्या मुलाला मॅडमनी पॉलिश करायचा गोल ब्रश आधी त्याच्या नखावर फिरवून दाखवला, गुदगुल्या होतात का बघ म्हणाल्या, मग दातावर. आता तो स्वतःहून खुर्चीत चढतो. हे नातं जवळच्या, ओळखीच्या क्लिनिकमध्येच तयार होतं, दरवेळी चेहरा बदलला तर कसं होणार.

घरचं म्हणाल तर थोडक्यात सांगते. फ्लोराइडची पेस्ट, रोज दोनदा, रात्रीचं ब्रशिंग तर चुकवायचंच नाही कारण झोपेत लाळ कमी होते आणि लाळ हेच दातांचं स्वतःचं संरक्षण आहे. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वाटाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तसा अख्ख्या ब्रशवर लांबलचक पट्टा नाही. ब्रश झाल्यावर थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा ब्रश मोठ्यांनी फिरवावा, लहान हाताला मागपर्यंत जमत नाही. आणि गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते बघा, प्रत्येक वेळी तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो, दिवसभर थोडं थोडं चघळत राहिलं की दाताला सावरायला वेळच मिळत नाही. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, वरचे पुढचे दात त्यानेच जातात.

मोठ्या माणसांचे दात बऱ्याचदा हिरड्यांमुळे जातात. ब्रश करताना रक्त आलं की लोक तिथे ब्रश लावायचंच बंद करतात आणि मग कीटण अजून साठतं. साफ करून घेतलं की दात हलतात ही समजूत तर इतकी घट्ट आहे! दात हिरडीच्या आजाराने आधीच सैल झालेले असतात, मधलं कडक कीटण निघालं की फट जिभेला जाणवते एवढंच. आमच्या सासऱ्यांना डायबेटीस आहे, मॅडम दरवेळी आधी शुगरचा रिपोर्ट बघतात, कारण शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांचं इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात येत नाही, दोन्हीकडून आहे ते. सासूबाईंना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. त्यांची दाढ काढायची होती तेव्हा ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं गोळी चार दिवस बंद करा, मॅडमनी ठाम सांगितलं की मनाने काहीही बंद करायचं नाही, आणि हार्टच्या डॉक्टरांशी स्वतः फोनवर बोलून मग दाढ काढली. हाडं ठिसूळ होण्यावरची इंजेक्शनं किंवा गोळ्या चालू असतील तर तेही दाढ काढायच्या आधी सांगावं लागतं, नंतर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, आणि ती टोचत असेल तर घरी घासत बसू नका, क्लिनिकमध्ये जागच्या जागी नीट करून देतात. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही दात दाखवायला घाबरू नये, हिरड्या त्या दिवसांत जास्त सुजतात आणि उपचार करता येतात, फक्त आधी सांगायचं.

अजून एक, दात दुखला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाणं थांबवा. गोळीने सूज उतरते पण आतली सडलेली नस तिथेच असते, काही दिवसांनी परत सुरू. तोंडातला फोड किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंड पूर्वीएवढं उघडत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यात तंबाखूची सवय असेल तर वाटच बघू नका. दुखत नाही म्हणून साधं असेल असं इथे धरायचं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अहवालात जगात साधारण साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार असल्याचं म्हटलंय. एवढ्या लोकांसाठी सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलं कुठून पुरणार, गल्लीतला, गावातला, कोपऱ्यावरचा साधा दातांचा डॉक्टरच हे काम करू शकतो.

पण त्या डॉक्टरांनाही काही सांगावंसं वाटतं, आपुलकीने. पेशंट उशिरा आला तर त्याला रागावू नका, तो आधीच लाजलेला असतो आणि परत येणार नाही. खर्च किती, दुसरा पर्याय काय, थांबलं तर काय होईल, हे काम सुरू करायच्या आधी सांगा. सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांनी बोलवण्यापेक्षा ज्याला गरज आहे त्याला तीन महिन्यांनी आणि ज्याचं ठीक आहे त्याला वर्षाने बोलवा, माणसाचा विश्वास त्याने वाढतो. आणि आम्ही लोकांनीही चांगलं क्लिनिक ओळखायला शिकलं पाहिजे, नुसतं चकाचक फर्निचर आणि फोनवरचे स्टार बघून नाही. पहिल्या भेटीत आजार आणि गोळ्या विचारतात का, सामानाचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडतात का (ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने जंतू मारायच्या मशीनमधून, आल्यावर त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो, विचारलंत तर दाखवतात), ग्लोव्हज बदलतात का, छोट्या डागाला लगेच ड्रिल न लावता थांबून बघू म्हणायची तयारी आहे का.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती एवढीच की आरोग्याच्या पानावर दातांना महिन्यातून एकदा तरी जागा द्या आणि ते आसपासच्या साध्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. सुरुवातीला एक चौकट छापा, शाळांना नोटीस बोर्डवर लावता येईल अशी. खेळताना पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, माती लागली असेल तर क्षणभर धुवा पण घासू नका, जमलं तर लगेच त्याच जागी बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा, नाहीतर दुधात टाका आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात जवळचा दातांचा डॉक्टर गाठा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, तरी दाखवायला न्या. आणि चौकटीच्या खाली एक रिकामी ओळ ठेवा, म्हणजे प्रत्येक शाळेला आपल्या जवळच्या क्लिनिकचा फोन नंबर तिथे लिहिता येईल.

आपली,
एक नियमित वाचक