त्याच गाडीतला दुसरा गडी कितवा आला, तेही छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की फॉर्म्युला वन हा काय खेळच नाही, ज्याची गाडी भारी तो जिंकतो, ड्रायव्हर नुसता स्टिअरिंग धरून बसतो, मग त्याला कसला महान म्हणायचं. आमच्या ग्रुपवर दोन दिवस त्यावरनं वाद चालला होता. २००० साली शूमाकर फेरारीतनं पहिल्यांदा चॅम्पियन झाला तेव्हापासून मी हा खेळ बघतोय, त्यामुळं राहवलं नाही. पत्र जरा लांबलं तर समजून घ्या.

त्या वाचकांचं निम्मं बरोबर आहे, ते आधी मान्य करतो. साधारण दीड मिनिटाचा एक लॅप, म्हणजे ट्रॅकचा एक फेरा असतो. समजा तुमची गाडी पुढच्यापेक्षा लॅपला फक्त एक सेकंद हळू आहे, टीव्हीवर बघताना ते कळणार पण नाही, पण साठ लॅपची रेस असली तर शेवटाला तुम्ही पूर्ण एक मिनिट मागं असता. ते एक मिनिट कुठलाच ड्रायव्हर नुसत्या हातांच्या जोरावर भरून काढत नाही.

जेन्सन बटनचंच बघा. २००८ ला तो होंडाच्या गाडीत होता, अख्ख्या सीझनमध्ये त्याला ३ पॉइंट मिळाले. डिसेंबरमध्ये होंडानं टीमच बंद करायची ठरवली, टीमचा बॉस रॉस ब्रॉननं ती टीम घेतली आणि ब्रॉन जीपी नावानं २००९ ला उतरवली, त्या गाडीला मागच्या बाजूला खालनं डबल डिफ्यूझर होता, म्हणजे गाडीखालच्या हवेचा असा वापर की गाडी रस्त्याला जास्त चिकटून राहते. बटननं पहिल्या ७ पैकी ६ रेस जिंकल्या आणि त्याच वर्षी चॅम्पियन झाला. माणूस तोच, हात तेच, मधे फक्त एक हिवाळा गेला. आणि पुढं बाकीच्या टीमनी तसाच डिफ्यूझर करून घेतल्यावर, ब्रॉनकडं गाडी सुधारायला पैसा नसल्यानं, उरलेल्या सीझनमध्ये बटनला एक पण रेस जिंकता आली नाही.

अजून एक, २०२० ची बहरीनची साखीर ग्रां प्री. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून त्याच्या मर्सिडीज टीमनं विल्यम्स टीममधनं जॉर्ज रसेलला ऐनवेळी बोलावलं. विल्यम्सची गाडी म्हणजे तेव्हा सगळ्यात मागची, रसेलला तोपर्यंत एकही पॉइंट मिळालेला नव्हता. गडी एवढा उंच की हॅमिल्टनच्या मापाच्या गाडीत मावेना, बूट सुद्धा एक नंबर लहान घालून बसला, आणि क्वालिफायिंगला, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरनं सुटणार ते ठरवतात तिथं, मर्सिडीजचाच दुसरा ड्रायव्हर वाल्टेरी बोटास याच्यापेक्षा ०.०२६ सेकंदानं मागं, दुसरा. रेसमध्ये बराच वेळ पहिला होता, जिंकलाच असता, पण टायर बदलायला मधे थांबला (पिट स्टॉप) तेव्हा टीमनं भलतेच टायर लावले, नंतर पंक्चर झालं, आणि तो नववा आला. मला त्या दिवशी रडू आलं होतं, खरं सांगतो. आता मला सांगा, आदल्या आठवड्यापर्यंत रसेलला "मागं पळणारा" म्हणणारे लोक बरोबर होते का? गाडीमुळं तो झाकला गेला होता. म्हणजे गाडीचं महत्त्व मोठं आहे म्हणूनच निकालातला नंबर बघून ड्रायव्हरला नावं ठेवता येत नाहीत, आणि नुसता नंबर बघून महान पण म्हणता येत नाही.

मग बघायचं काय? टीममेट. या खेळात प्रत्येक टीमच्या दोन गाड्या असतात, इंजिन तेच, बॉडी तीच, इंजिनिअर एकाच छताखाली. एवढी चांगली फूटपट्टी दुसऱ्या खेळात पण मिळणार नाही. २०२४ ला मॅक्स वर्स्टापेनला ४३७ पॉइंट आणि त्याच रेड बुलमध्ये पेरेझला १५२, एक चॅम्पियन आणि एक आठवा. टीमच्या यादीत रेड बुल तिसरी आली, म्हणजे गाडी सगळ्यात भारी होती असं म्हणायची पण सोय नाही. त्याच वर्षी ब्राझीलला पावसात तो १७ व्या नंबरवरनं सुटून जिंकला. पावसात गाडीची बरीच ताकद वाया जाते, रस्ता कुठं धरतो ते बुडाखाली ज्याला कळतं तो पुढं जातो. पुढं तीन वेळा चॅम्पियन झालेला आयर्टन सेन्ना १९८४ ला मोनाकोत टोलमनसारख्या साध्या टीमच्या गाडीत १३ व्या नंबरवरनं निघून दुसरा आला, तो पण असाच पाऊस होता. रेस मधेच थांबवली नसती तर कदाचित पहिला आला असता.

आता यावर कुणी म्हणेल की रेड बुल गाडीच मॅक्सच्या हाताला बसेल अशी करतात, स्टिअरिंग जरा फिरवलं की गाडीचं नाक एवढं झटकन वळतं की दुसऱ्याला ती वळणात सांभाळता येत नाही. बरोबर आहे, मला पण तसंच वाटतं, आणि म्हणून ही फूटपट्टी अगदी सोन्याची नाही. पण गाडी आपल्या हाताला बसवून घेणं हे पण ड्रायव्हरचंच काम आहे की. शूमाकर दोन वेळचा चॅम्पियन असताना १९९६ ला फेरारीत गेला, तेव्हा फेरारीच्या ड्रायव्हरला १९७९ च्या जोडी शेक्टरनंतर टायटल मिळालेलं नव्हतं. तिथं त्याला आयती गाडी कुणी दिली नव्हती. वर्षानुवर्षं फेरारीच्या फियोरानोच्या ट्रॅकवर टेस्टिंग करत, तेव्हा फेरारीत असलेला तोच रॉस ब्रॉन आणि डिझायनर रोरी बर्न यांच्याबरोबर गाडी घडवत तो २००० ला चॅम्पियन झाला, २१ वर्षांनी फेरारीचा. २००४ ला १८ पैकी १३ रेस जिंकल्या. २००५ ला नियम आला की रेसमध्ये टायर बदलायचे नाहीत, फेरारीला असलेले ब्रिजस्टोन कंपनीचे टायर त्यात कमी पडले, आणि हाच माणूस वर्षभरात एक रेस जिंकला. तो काय सहा महिन्यांत गाडी चालवायला विसरला का?

आणि ती एक रेस कुठली, तर अमेरिकेतली इंडियानापोलिस. दुसऱ्या कंपनीचे, मिशेलिनचे, टायर तिथल्या तिरक्या वळणावर धोक्याचे निघाले म्हणून ते लावलेल्या १४ गाड्या सुरुवातीलाच रेस सोडून आत गेल्या आणि फक्त ६ गाड्या पळाल्या. त्यात आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन नावाच्या टीमच्या गाडीतनं चौथा आला, ५ पॉइंट, फॉर्म्युला वनमधले कुठल्याही भारतीयाचे पहिले.

आता मी खरं ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री झाली. आम्ही तिघं मित्र कोल्हापुरातनं निजामुद्दीन गाडीनं गेलो होतो, तिकिटाचे पैसे वर्षभर साठवलेले. गाड्यांचा तो आवाज छातीत घुसायचा, तो अजून माझ्या अंगावर काटा आणतो. वेटेल जिंकला, बटन दुसरा, अलोन्सो तिसरा. नारायण एचआरटी नावाच्या टीमच्या गाडीत होता आणि १७ वा आला. शेजारचे लोक हसत होते, "शेवटनं आला" म्हणून, आणि परत येताना स्टेशनवर घेतलेल्या एका पेपरात पण तेवढंच होतं, भारताचा कार्तिकेयन सतरावा, एक ओळ.

एचआरटी काय गाडी होती ते कुणी लिहिलं नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात त्यांच्या दोन्ही गाड्या सगळ्यात फास्ट वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत आल्या नाहीत म्हणून रेसला उभ्या सुद्धा राहू शकल्या नाहीत. ३ सीझनमध्ये त्या टीमला एक पॉइंट मिळाला नाही. आणि दिल्लीला १८ वा कोण आला माहितीय? दुसऱ्या एचआरटीमधला डॅनियल रिकार्डो. तोच रिकार्डो, ज्यानं २०१४ ला रेड बुलमध्ये जाऊन ३ रेस जिंकल्या, तेव्हा चार वेळचा चॅम्पियन वेटेल त्याच गाडीत एकही जिंकला नाही. त्या दिवशी आपला गडी त्याच्या पुढं होता, आणि आम्ही मान खाली घालून परतीच्या गाडीत बसलो होतो. हे मला पुढं तीन वर्षांनी वेटेल-रिकार्डोचे निकाल बघताना कळलं, तेव्हा मी जुना निकाल काढून परत परत वाचला.

यावरनं नारायण रिकार्डोपेक्षा मोठा असं मी म्हणत नाही, एका रेसवरनं असं काय ठरत नसतं. आणि माझीच फूटपट्टी लावायची तर इंडियानापोलिसला त्याचा टीममेट टियागो मोंटेरो तिसरा आला होता, नारायणच्या पुढं, ते पण सांगितलंच पाहिजे. पण निदान त्याला मोजताना बरोबरच्या मापानं मोजायला पाहिजे होतं. फेरारी आणि रेड बुलशी त्याची तुलना करून आपण त्याला हसलो, आणि आपला दुसरा ड्रायव्हर करुण चंडोकच्या बाबतीत पण तेच केलं, तो पण २०१० ला त्याच एचआरटीत होता. आज मुंबईच्या जेहान दारूवालासारखी पोरं फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, जिंकून आली, तिथं सगळ्यांना एकसारखी गाडी असते, तरी आपल्याकडं त्याची बातमी क्वचितच दिसते.

म्हणून साहेब, एक विनंती आहे. तुमच्या क्रीडा पानावर फॉर्म्युला वनची बातमी येते तेव्हा पहिले तीन नंबर आणि पॉइंट एवढंच असतं. त्यात प्रत्येक टीमच्या दोघांचा निकाल शेजारी शेजारी द्या, आणि कोण कितव्या नंबरवरनं सुटला होता तेवढा एक आकडा. सगळी मिळून दहा-अकरा ओळी होतील, अगदी बारीक अक्षरात दिल्या तरी चालतील. माझा नववीतला पुतण्या कार्टिंग करतो, म्हणजे छोट्या गाड्यांच्या रेस पळतो, तो सोमवारी सकाळी आधी तेच पान उघडतो.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर