वज्रवर निघालेल्या ओंकारला

भगूर,
रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "पप्पा, वज्रची रेजिमेंट मिळाली" एवढंच बोललास, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून तुझी आई सगळ्या आळीला सांगत फिरतेय. आनंद मलाही झाला. आपल्या घरात चालत्या तोफेवर राबलेला मी एक, आता दुसरा तू. गाडीमागे ओढून न्यायची तोफ आणि तुझ्या वज्रसारखी स्वतःच्या पट्ट्यांवर चालणारी तोफ, दोन्हींचा गोळा एकच काम करतो. पण त्यांच्यावर राबणाऱ्या माणसाचं जगणं फार वेगळं असतं. आणि ती तोफ ज्यांच्या दारावरून, शेतातून जाते त्यांचंही. हे उस्ताद शिकवत नाहीत, त्यांना तेवढा वेळच नसतो. म्हणून लिहायला बसलो.

माझी तोफ कॅटापल्ट, हे तुला माहीत आहे. विजयंता रणगाड्याची चेसी लांबवून, सहाच्या जागी सात चाकं घालून तिच्यावर सोव्हिएत बनावटीची १३० मिलिमीटरची तोफ चढवलेली. डोक्यावर नुसतं छप्पर, बाकी सगळं उघडं. गोळा ३३ किलोचा, मारा २७ किलोमीटरपर्यंत. राजस्थानात मे महिन्यात तिच्या लोखंडाला उघडा हात लावायची सोय नव्हती. फायर झालं की उडालेली धूळ सगळी आमच्याच अंगावर यायची. रात्री जेवताना भाकरीतली वाळू दाताखाली कचकचायची. कानात दोन दोन दिवस शिट्टी वाजत राहायची. माझा डावा कान कशाने गेला हे तुला वेगळं सांगायला नको.

कॅटापल्ट १९८०च्या दशकात आली आणि तीसेक वर्षं राबली. मध्ये अर्जुन रणगाड्यावर दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीचा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, बसवून 'भीम' नावाची तोफ करायचं चाललं होतं. २००५ साली डेनेल काळ्या यादीत गेली आणि ते काम तिथेच थांबलं. आमच्या पिढीतले कितीतरी चांगले तोपची नव्या तोफेची वाट बघता बघता पेन्शनीत गेले. म्हणून ९ नोव्हेंबर २०१८ला देवळालीत वज्र सैन्यात दाखल झाली, तेव्हा आपल्या भागातल्या आम्हा जुन्या लोकांना घरात लग्न असल्यासारखं वाटलं होतं. तू तेव्हा शाळेत होतास.

तुझी तोफ सगळ्या बाजूंनी बंद आहे. ४७ टन वजन, हजार हॉर्सपॉवरचं इंजिन, आत पाच माणसं आणि ४८ गोळे. पहिल्या पंधरा सेकंदांत तीन गोळे जातात आणि चाळीस किलोमीटरच्या आसपास पडतात. कमांडरसाहेब, ड्रायव्हर, गनर आणि दोन लोडर. तुला बहुतेक लोडरचं काम देतील. गोळा मशीन चढवते, चार्ज, म्हणजे गोळ्यामागची दारू, मात्र हातानेच घालावा लागतो, हे तू शिकलाच असशील. त्या चार्जविषयी एक गोष्ट मनात पक्की कर. १८ ऑगस्ट २०१७ला दक्षिण कोरियात चोरवॉनच्या रेंजवर वज्र ज्या कोरियन के-नाइनवरून बनली त्याच तोफेत सराव चालू असताना ब्रीचमधून, म्हणजे नळीच्या मागच्या झाकणातून, धूर आत आला आणि आत ठेवलेल्या चार्जने पेट घेतला. तीन जवान गेले, चार भाजले. आमच्या उघड्या तोफेत असं काही झालं तर उडी तरी मारता आली असती. तुझ्याकडे दोन्ही बाजूंनी लोखंड आहे. म्हणून ब्रीच नीट बंद झालाय का हे दर गोळ्याला बघायचं, शंभराव्या गोळ्यालाही पहिल्यासारखंच. आणि धुराचा वास आला तर लाजू नकोस, 'स्टॉप' म्हणून ओरड. त्यासाठी तुझ्यावर कुणी रागावलं तर रागावू दे.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते सांगतो.

ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, म्हणजे डिसेंबर २००१पासून पुढे, आम्ही राजस्थानच्या सीमेवर महिनोन् महिने होतो. गावं अगदी लागून. शेतांत सुरुंग पेरलेले, त्यामुळे कितीतरी लोकांची जमीन डोळ्यांसमोर असून पाय ठेवता येत नव्हता. एकदा रात्रीत जागा बदलायचा हुकूम आला आणि आमच्या तोफेने वळताना एका शेतकऱ्याचा पाण्याचा पाट मोडला. पट्ट्यांची गाडी जागच्या जागी वळते तेव्हा जमीन नांगरल्यासारखी उलटते. पाट दहा-बारा हात पार सपाट झाला. सकाळी तो माणूस आला, पाटाच्या कडेला उकिडवा बसला आणि काहीच बोलला नाही. मोहरी उभी होती, पाण्याची पाळी त्याच दिवशी होती. कालव्याच्या भागात पाळी चुकली की पुढची कधी मिळेल त्याचा भरवसा नसतो. आमचे नंबर वन, म्हणजे तोफेचे प्रमुख, हवालदार मराठवाड्याचे, स्वतः कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर. त्यांनी एक शब्द न बोलता तोफेवरची फावडी काढली आणि आम्हा सगळ्यांना पाटात उतरवलं. तासाभरात पाट बांधून झाला. पाणी पलीकडे गेलं तेव्हा तो माणूस उठला, घरी गेला आणि ताकाची कासंडी घेऊन आला. त्या दिवसापासून त्या गावातली पोरं आमच्या तोफेजवळ येऊन बसायला लागली. गोळा केवढा, आवाज केवढा, आत झोपता का, हे प्रश्न रोजचे.

कॅटापल्ट उघडी होती म्हणून तो पाट आम्हाला सकाळी उजाडताच दिसला. वज्रमधून तो दिसला असता का, मला शंका आहे. पेरिस्कोपमधून रस्ता दिसतो, माणूस कमी दिसतो. तू ड्रायव्हर नाहीस, तरी मूव्ह सुरू व्हायच्या आधी बाहेर उतरून चारी बाजूंनी चक्कर मारायची सवय लाव. पाट, बांध, पाइपलाइन, दावणीला बांधलेलं जनावर, खाट टाकून झोपलेलं म्हातारं माणूस. ओढ्यावरचा गावातला छोटा पूल बैलगाडीसाठी बांधलेला असतो, ४७ टनांसाठी नाही. हे साहेबांच्या नकाशावर असतं, पण नकाशावर नसलेलंही बरंच असतं. ते बघितलंस की नंबर वनला सांग. तुझं काम तेवढंच, पण ते तुझंच आहे.

आणि याहून मोठी गोष्ट. तुम्हाला 'शूट अँड स्कूट' शिकवलं असेल. शत्रूचं रडार आपला गोळा हवेत असतानाच तो कुठून सुटला ते काढतं, म्हणून मारून लगेच जागा सोडायची. चालत्या तोफेचा सगळा फायदा यातच आहे आणि तो खरा आहे. ओढत्या तोफेच्या जवानांना तोफ आवरून निघेपर्यंत जो जीव मुठीत धरावा लागतो तो मी जवळून बघितलाय. पण तुम्ही निघून गेल्यावर त्या जागेवर जे येतं ते कुणावर पडतं, याचा विचार कर. आपण निघून जातो. गाव तिथेच असतं.

दक्षिण कोरियाचं योनप्योंग नावाचं बेट आहे. उत्तर कोरियाचा किनारा तिथून बारा-तेरा किलोमीटरवर. बेटावर मरीनची सहा के-नाइन, म्हणजे आपल्या वज्रच्याच घराण्यातल्या तोफा, आणि दीड-दोन हजार कोळी माणसं. २३ नोव्हेंबर २०१०ला सकाळी मरीननी समुद्राकडे सराव केला. त्यात एका तोफेच्या नळीत गोळा अडकला. दुपारी अडीचच्या सुमारास पलीकडून मारा सुरू झाला, पहिल्याच फेरीत आणखी दोन तोफांना मार बसला. उरल्या तीन. आजूबाजूला आग लागलेली असताना त्या तीन तोफांनी तेराव्या मिनिटाला उलट फायर उघडला. एका पोराच्या हेल्मेटचं कापड पेटलं होतं, ते त्याला कळलंही नाही, तो काम करत राहिला. ते जळकं हेल्मेट नंतर त्या देशात सगळ्यांनी पाहिलं. तेरा मिनिटं फार झाली अशी टीका तिथे झाली. ज्याने तोफेवर काम केलंय तो अशी टीका करताना दहादा विचार करेल असं मला वाटतं. अंगावर गोळे पडत असताना अडकलेल्या आणि मोडलेल्या तोफांमधून तीन उभ्या करणं ही साधी गोष्ट नाही.

पण त्याच दिवशी बेटावरच्या घरांवरही गोळे पडले. दोन मरीन गेले आणि बांधकामावरचे दोन मजूरही गेले, ज्यांचा तोफेशी काही संबंध नव्हता. घरं जळाली. खेकड्यांच्या हंगामात जाळी तशीच सोडून लोक मिळेल त्या बोटीने इंचॉनला गेले आणि तिथल्या एका सार्वजनिक स्नानगृहात जमिनीवर पथारी टाकून कित्येक दिवस राहिले. तोफा बेटाच्या रक्षणासाठीच होत्या. त्या नसत्या तर बरं झालं असतं असं मी अजिबात म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, की तुझी तोफ जिथे उभी राहील तिथे शेजारी कोण राहतं हे तुला माहीत असलं पाहिजे. खंदक कुठे आहे हे जसं माहीत असतं तसं.

आपण भगूरची माणसं, आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. शिंगवे बहुल्याच्या रेंजवर फायर सुरू झालं की आपल्या खिडकीच्या काचा थरथरतात. तुझी आजी तर आवाजावरून वेळ सांगायची. लाल झेंडा लागला की त्या बाजूला गुरं न्यायची नाहीत हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून माहीत असतं. तरी गोळ्यांचं भंगार वेचायला माणसं जातातच. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचा पट्टा असतो, त्याला भाव मिळतो. आणि न फुटलेला ब्लाइंड गोळा वरून भंगारासारखाच दिसतो. ज्याच्या घरात दुपारच्या पिठाची पंचाईत आहे त्याला 'जाऊ नकोस' म्हणून उपयोग नाही. म्हणून रेंजवर असशील तेव्हा आपल्या तोफेचा एकही ब्लाइंड हिशेबातून सुटणार नाही याची काळजी घे. बंद तोफेतून तुला गोळा पडताना दिसणार नाही, पुढे बसून गोळे कुठे पडतात ते बघणारा ओपीवाला सांगेल. त्याने सांगितलेला आकडा आणि सुटलेले गोळे जुळले नाहीत तर विचार. दुसऱ्या दिवशी निकामी करणारी पार्टी गेली का तेही विचार. साधा जवान हे विचारतो म्हणून कुणाला आश्चर्य वाटेल, वाटू दे.

बाकी तुझ्या तोफेविषयी अभिमान बाळगावा असं बरंच आहे. गुजरातेत हजिऱ्याला जुळते, पण तिचे हजारो सुटे भाग चार राज्यांतल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांतून येतात, त्यात आपला महाराष्ट्र आहे. मामाच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्येही असलंच काम चालतं; कुठला भाग कुठे बसतो ते त्यालाही कुणी सांगत नाही, पण मायक्रॉनमध्ये चूक झाली तर माल परत येतो. तू वज्रवर आहेस म्हटल्यावर तो आता प्रत्येक पीस दोनदा मोजतोय असं मामी म्हणाली. पहिल्या शंभर तोफा फेब्रुवारी २०२१पर्यंत मिळाल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये आणखी शंभरांचा करार झालाय. वाळवंटासाठी घेतलेली तोफ लडाखपर्यंत गेली. तुझी बॅटरी कुठे आहे ते मी विचारत नाही, तूही फोनवर सांगू नकोस. थंडी असेल तर लोकरीचे मोजे दोन जोड जास्त मागून घे, लोखंडाच्या डब्यात पायांना आधी थंडी लागते.

कानात प्लग घालायचेच. सगळे म्हणतील हेडसेट आहे की, तरी घालायचे. गोळा उचलायची वेळ आलीच तर गुडघ्यातून उचल. तो चाळीस किलोच्या वर आहे आणि पाठ एकदा गेली की परत येत नाही. रोज रात्री हात साबणाने धुऊनच जेव, चार्जची पूड पोटात जाता कामा नये.

आईने डिंकाचे लाडू केलेत. पत्ता मिळाला की पार्सल करतो, एकटा खाऊ नकोस, तोफेवरच्या पाचही जणांना पुरतील एवढे आहेत. तुझे नंबर वन कुठले आहेत, स्वभावाने कसे आहेत, ते मला सविस्तर लिही. आणि आसपास गाव असेल तर तिथे काय पिकतं तेही लिही.

तुझा,
पप्पा